शाहूपुरीचे प्रभाग : हद्दवाढीत विरलेल्या मतदारसंघांचा प्रकरण अभ्यास

सातारा शहराच्या उत्तर अंगाला बुधवार नाका ओलांडून आंबेदरे रस्त्याला लागले, की शहर कोठे संपले आणि शाहूपुरी कोठे सुरू झाली, हे नवख्या माणसाला कधीच सांगता आले नसते. घरांना घरे लागलेली, गटारे एकाच उताराने वाहणारी, शाळा-बाजार-दवाखाना सगळा एकच. जाणकाराला मात्र दोन खुणा पुरत : घरपट्टीच्या पावतीवर शिक्का कोणाचा आहे आणि निवडणुकीच्या दिवसांत दारात हात जोडून उभा राहणारा उमेदवार नगरसेवकपदाचा आहे की ग्रामपंचायत सदस्यपदाचा. ८ सप्टेंबर २०२० रोजी राज्य शासनाने सातारा नगरपरिषदेच्या हद्दवाढीची अधिसूचना काढली आणि या दोन्ही खुणा एका फटक्यात पुसल्या गेल्या. शाहूपुरी ग्रामपंचायत संपली, सरपंचपद संपले, आणि त्या ग्रामपंचायतीचे जे प्रभाग होते, ज्यांना बोलताना सगळे ‘वॉर्ड’च म्हणत, तेही संपले.

हद्दवाढीबद्दल साताऱ्यात बोलणे पुष्कळ झाले. श्रेय कोणाचे, निधी किती, रस्ते कधी, यावर चर्चा रंगल्या. मतदार म्हणून त्या भागाचे काय झाले, हा प्रश्न त्या मानाने कोपऱ्यात राहिला. प्रस्तुत प्रकरणात तेवढाच धागा पकडला आहे. मतदारसंघ कागदावर एका तारखेला रद्द होतो, पण त्याच्या जागी दुसरा मतदारसंघ प्रत्यक्ष उभा राहीपर्यंत मधला काळ कोणाच्या प्रतिनिधित्वाचा असतो, हे शाहूपुरीच्या उदाहरणात फार स्वच्छ दिसते.

ग्रामपंचायतीचा वॉर्ड म्हणजे काय होता

१९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे सदस्यांची संख्या लोकसंख्येवर ठरते. लहान गावाला ७ सदस्य, त्यापुढे टप्प्याटप्प्याने ९, ११, १३, १५ आणि लोकसंख्या साडेसात हजारांच्या पुढे गेली की १७. या सतराच्या वर जिना नाही. गाव आठ हजारांचे असो की पंचवीस हजारांचे, सदस्य सतराच राहतात. एका प्रभागातून दोन किंवा तीन सदस्य निवडायचे असल्याने सतरा सदस्यांच्या ग्रामपंचायतीला किमान सहा प्रभाग पाडावे लागतात : पाच प्रभाग तीन-तीन जागांचे आणि एक दोन जागांचा. शहराला चिकटलेल्या, दरवर्षी नव्या इमारती चढवणाऱ्या मोठ्या ग्रामपंचायतींचा साचा सर्वत्र हाच असतो.

हे प्रभाग पाडण्याचे काम वर्णनात जितके रुक्ष वाटते तितके प्रत्यक्षात नसते. राज्य निवडणूक आयोगाची स्थापना १९९४ मध्ये, ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर झाली, आणि तेव्हापासून प्रभागरचनेला कार्यक्रम, प्रारूप, हरकती, सुनावणी आणि अंतिम प्रसिद्धी असा ठरीव क्रम आला. तरी मूळ काम तलाठी आणि ग्रामसेवक यांच्या पायांवरच उभे असते. हातात नकाशा घेऊन ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहतात आणि चतु:सीमा लिहितात : उत्तरेस ओढा, पूर्वेस डांबरी रस्ता, दक्षिणेस अमुक यांची विहीर, पश्चिमेस गावठाणाची हद्द. अलीकडे उपग्रहाच्या छायाचित्रावर रेषा मारतात, पण रेषा कोठून न्यायची हे अजूनही ओढाच सांगतो. त्यामुळे ग्रामपंचायतीचा वॉर्ड बहुधा लोकांच्या वहिवाटीला धरून असतो. एका बोळातली माणसे एका वॉर्डात, विहिरीपलीकडची दुसऱ्यात.

वॉर्डाचा दुसरा उपयोग निवडणुकीच्या बाहेरचा होता, आणि माझ्या मते तोच लोकांच्या अधिक अंगवळणी पडलेला होता. पाणी सोडायच्या पाळ्या वॉर्डावर चालत. गटार तुंबले की तक्रार वॉर्डाच्या नावाने जाई. औषधफवारणी आज दोन नंबरला, उद्या तीनला. ग्रामसभेत उठून बोलणारा माणूससुद्धा नावाआधी वॉर्ड सांगे. उपनगरातल्या एका बोळात पाण्याच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यावर पत्र्याचे झाकण होते आणि त्यावर पांढऱ्या रंगाने फक्त ‘वॉ. ४’ असे लिहिलेले मी कैक वर्षे पाहिले आहे. रंग उडाला की पाणी सोडणारा गडी स्वत:च ते पुन्हा गिरवून काढी, कारण चारचा व्हॉल्व्ह चुकून पाचच्या पाळीला उघडला तर शिव्या त्यालाच खाव्या लागत.

एका मतदाराची किती मते

हद्दवाढीने शाहूपुरीच्या मतदाराच्या हातातून काय गेले आणि काय आले, याचा हिशेब मतपत्रिकांच्या संख्येत मांडला तर चित्र अधिक उघड होते. ग्रामीण मतदार म्हणून त्याच्या वाट्याला तीन स्थानिक संस्था होत्या. ग्रामपंचायतीसाठी आपल्या प्रभागात जितक्या जागा तितकी मते. पंचायत समितीच्या गणासाठी एक. जिल्हा परिषदेच्या गटासाठी एक. सातारा जिल्हा परिषदेच्या ६४ गटांसाठी २१ फेब्रुवारी २०१७ रोजी मतदान झाले तेव्हा शहराभोवतालच्या ग्रामपंचायतींतले मतदार रांगेत होते आणि बुधवार नाक्याच्या अलीकडचे, म्हणजे नगरपालिकेच्या हद्दीतले मतदार घरी होते, कारण जिल्हा परिषदेत शहराला मत नसते. त्याआधी तीनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, नेमके उलटे घडले होते. पेठांमधली माणसे रांगेत आणि शाहूपुरी कट्ट्यावर बसून गंमत पाहत होती. एकाच बाजारपेठेतल्या दोन शेजाऱ्यांची निवडणूक कधीच एका दिवशी येत नसे.

नगरपालिकेत गेल्यावर गण आणि गट दोन्ही गेले. त्यांच्या जागी प्रभागातले दोन नगरसेवक आणि थेट निवडून द्यायचा नगराध्यक्ष आला. थेट निवडीची ही रीतही स्थिर नाही. २०१६ मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडला गेला, २०२० मध्ये कायदा बदलून तो पुन्हा नगरसेवकांतून निवडायचे ठरले, आणि २०२२ मध्ये सत्तांतर होताच पुन्हा थेट. सरपंचपदाचीही तीच गत झाली : २०१७ मध्ये थेट, २०२० मध्ये सदस्यांतून, २०२२ मध्ये पुन्हा थेट. ज्याला जेव्हा जे सोयीचे, तेव्हा ते तत्त्व, असेच यावरून म्हणावे लागते.

मतांच्या संख्येपेक्षा प्रमाणाचा फरक मोठा आहे. २०११ च्या जनगणनेत सातारा नगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १,२०,१९५ होती. २०१६ च्या निवडणुकीत नगरसेवक ४० होते आणि प्रभाग २० होते. म्हणजे एका नगरसेवकामागे सरासरी तीन हजार लोक आणि एका प्रभागात सहा हजार. सतरा सदस्यांच्या ग्रामपंचायतीची लोकसंख्या उदाहरणादाखल सतरा हजार धरली तर एका सदस्यामागे एक हजार माणसे येतात. हजार माणसांत सदस्याला प्रत्येक घर ठाऊक असते. कोणाच्या घरात आजारपण आहे, कोणाची मोरी कोणाच्या दारात सोडली आहे, कोणाचा जन्मदाखला अडला आहे, हे त्याला विचारावे लागत नाही. तीन हजारांत ते शक्य होत नाही, आणि नगरसेवक कितीही सज्जन असला तरी त्याला मधे कार्यकर्ता लागतो. शहरी राजकारणातला ‘आपला माणूस’ आणि ग्रामपंचायतीतला ‘आपला मेंबर’ हे दोन शब्द वेगळे का आहेत, याचे उत्तर या भागाकारात आहे.

या सगळ्यात ग्रामसभा गेली, ही गोष्ट मला सर्वांत जड वाटते. ग्रामसभेला कितीही नावे ठेवली, तिथे गोंधळ होतो, गणपूर्ती होत नाही, ठराव आधीच लिहून ठेवलेले असतात, हे सगळे खरे धरले, तरी मतदाराने समोर उभे राहून सरपंचाला जमाखर्च विचारण्याचा हक्क कायद्याने दिलेला होता आणि शाहूपुरीसारख्या नोकरदार वस्तीत तो बजावणारी पेन्शनर मंडळी थोडी नव्हती. शहरांसाठी ‘क्षेत्रसभा’ नावाची, म्हणजे त्या त्या भागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली आहे. ती आपल्या भागात भरलेली पाहिली आहे असे सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

मधली सव्वापाच वर्षे

अधिसूचना निघाली तेव्हा नगरपालिकेत नोव्हेंबर २०१६ मध्ये निवडून आलेले सभागृह होते. खासदार उदयनराजे भोसले यांच्या सातारा विकास आघाडीचे २२, आमदार शिवेंद्रसिंहराजे भोसले यांच्या नगरविकास आघाडीचे १२ आणि भारतीय जनता पक्षाचे ६, असे ते चाळीस. या चाळीसांपैकी एकालाही शाहूपुरीच्या, किंवा तिच्याबरोबरच हद्दीत आलेल्या विलासपूरच्या आणि शाहूनगरच्या मतदाराने मत दिलेले नव्हते. देताच आले नसते. तरी अधिसूचनेच्या दिवसापासून या भागाचा अर्थसंकल्प, कर, कचरा आणि बांधकाम परवाने या सभागृहाच्या अखत्यारीत आले. नव्या भागात वजन असलेले माजी सदस्य आता जुन्या हद्दीतल्या ओळखीच्या नगरसेवकाकडे चिठ्ठी घेऊन जाऊ लागले. काल ज्याच्या दारात माणसे येत होती, तो आज दुसऱ्याच्या दारात. हा बदल त्यांच्यापैकी अनेकांना मानवला नाही, आणि त्यात नवल काही नाही.

त्या सभागृहाची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये संपली आणि नगरपालिकेवर प्रशासक आला. आता जुनी हद्द आणि नवी हद्द यांच्यात तेवढी तरी समानता आली, की कोणालाच नगरसेवक नव्हता. २०२२ मध्ये वाढीव हद्दीसह प्रभागरचना झाली, आरक्षणाच्या सोडतीही निघाल्या. इच्छुकांनी फलक लावले, हळदीकुंकवाचे कार्यक्रम घेतले, वाढदिवसांना उधाण आले. परंतु इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता. मार्च २०२१ च्या निकालाने घातलेली तिहेरी कसोटी, म्हणजे आरक्षण देण्याआधी पूर्ण करायच्या तीन अटी, त्यांसाठी नंतर राज्याने नेमलेला बांठिया आयोग, पुढे प्रभागसंख्येवरचे वाद आणि ‘जैसे थे’चा आदेश, अशा एकामागून एक कारणांनी राज्यभरातल्या निवडणुका लांबत गेल्या. ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने त्या चार आठवड्यांत जाहीर करण्याचा आदेश दिला, तेव्हा कोठे गाडा हलला. साताऱ्यात २५ प्रभाग आणि ५० नगरसेवक अशी रचना झाली, २ डिसेंबर २०२५ रोजी मतदान आणि २१ डिसेंबरला मोजणी झाली.

८ सप्टेंबर २०२० ते २ डिसेंबर २०२५ : जवळजवळ सव्वापाच वर्षे. एका पूर्ण कार्यकाळापेक्षाही अधिक काळ शाहूपुरीच्या रहिवाशाला आपल्या गल्लीच्या कामासाठी निवडून दिलेला एकही प्रतिनिधी नव्हता. पेठांतल्या मतदाराची खोट चार वर्षांची, याची सव्वापाच. हद्दवाढ झाल्यावर नव्या क्षेत्रासाठी ठरावीक मुदतीत पोटनिवडणूक झालीच पाहिजे, असे बंधन पाळले गेले असते तर पहिली सव्वा वर्षे तरी वाचली असती. करोनाचा काळ होता हे मान्य. पण १५ जानेवारी २०२१ रोजी राज्यात हजारो ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्याच, आणि त्यात सातारा जिल्ह्यातली गावेही होती.

त्रिशंकू भागाची तर कथाच निराळी. गोडोलीच्या शाहूनगरसारख्या वस्त्या हद्दवाढीपूर्वी नगरपालिकेत नव्हत्या आणि कोणत्या ग्रामपंचायतीतही नव्हत्या. सातारकरांनी त्यांना दिलेले ‘त्रिशंकू’ हे नाव इतके रुळले, की ते सरकारी पत्रव्यवहारातही शिरले. त्यांच्या बाबतीत हद्दवाढीने वॉर्ड गमावण्याचा प्रश्नच नव्हता. ज्यांना कधी वॉर्डच नव्हता, त्यांना तो पहिल्यांदा मिळायचा होता, आणि त्यासाठीही त्यांना सर्वांच्या बरोबरीने थांबावे लागले. शाहूपुरी आणि त्रिशंकू भाग यांना एकाच ‘हद्दवाढीचा भाग’ या शब्दात कोंबले जाते, पण एकाने होते ते सोडून दिले आणि दुसऱ्याला नव्हते ते मिळाले.

नवी रेषा कशी पडते

नगरपालिकेची प्रभागरचना ओढ्या-विहिरींवर चालत नाही. तिची वीट म्हणजे जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे २०११ मध्ये एका प्रगणकाने मोजलेली घरांची तुकडी. हे गट शक्यतो न फोडता एकाला एक जोडायचे आणि प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के अलीकडे-पलीकडे ठेवायची, असा आयोगाचा दंडक आहे. क्रमांक उत्तरेकडून सुरू होतात, ईशान्येला जातात, मग पूर्व-पश्चिम असे नागमोडी वळत दक्षिणेला संपतात. ही पद्धत पक्षपात टाळण्यासाठी चांगली आहे, यात वाद नाही. प्रगणक गटाला मात्र पाण्याची पाळी ठाऊक नसते आणि भावकीही ठाऊक नसते.

दुसरी अडचण काळाची आहे. २०२१ ची जनगणना झालीच नाही, म्हणून २०२५ ची रचनाही २०११ च्या आकड्यांवर उभी राहिली. जुन्या पेठांमध्ये या चौदा वर्षांत वाडे पडून माणसे बाहेर गेली, आणि ती ज्या उपनगरांत गेली त्यांत शाहूपुरी आणि विलासपूर अग्रभागी. त्यामुळे कागदावर समान लोकसंख्येचे दिसणारे दोन प्रभाग प्रत्यक्षात समान असण्याचे कारण उरत नाही. २०११ मध्ये जेथे ऊस होता तेथे आज चार मजली अपार्टमेंट उभी असेल, तर त्या अपार्टमेंटमधली माणसे मतदार यादीत असतात, पण प्रभागाच्या लोकसंख्येत नसतात. ज्या भागाने सर्वाधिक काळ प्रतिनिधित्वावाचून काढला, त्याच भागाच्या मताचे वजन या हिशेबात कमी भरण्याचा धोका आहे, ही बाब हरकतींच्या सुनावणीत अधिक जोराने मांडायला हवी होती.

मतदार यादीचे काम त्याहून किचकट. स्थानिक निवडणुकीसाठी वेगळी यादी तयार होत नाही. सातारा विधानसभा मतदारसंघाची, क्रमांक २६२ ची, यादी घेऊन ती पत्त्यांवरून प्रभागांत फोडली जाते. कर्मचारी यादीचा भाग उघडतो, घर क्रमांक पाहतो आणि नावापुढे प्रभाग टाकतो. शाहूपुरीसारख्या ठिकाणी घर क्रमांक ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदीचे, त्यांतले कित्येक जुने, काही नुसतेच शून्य. अशा यादीत एका घरातला मुलगा एका प्रभागात आणि आई दुसऱ्यात जाते, आणि हरकतींसाठी दिलेल्या मोजक्या दिवसांत ते कोणाच्या ध्यानातही येत नाही.

डिसेंबरमधल्या त्या मंगळवारी मतदान केंद्राबाहेर मांडलेल्या टेबलापाशी मी काही वेळ उभा होतो. सत्तरीच्या पुढच्या एक आजी चिठ्ठी घेऊन आल्या. टेबलावरच्या पोराने यादी चाळून सांगितले, “आजी, तुमचं नाव इथं न्हाई, पलीकडच्या शाळंत हाय. तुमचा प्रभाग येगळा.” आजींनी चिठ्ठी उलटसुलट केली. “आरं, पन आमचा चार नंबर हितंच असतोय की! मालक होते तवापासनं हितंच मत टाकतीय.” पोराला चार नंबर म्हणजे काय ते कळले नाही. त्याचे वय पाहता ग्रामपंचायतीच्या शेवटच्या निवडणुकीत त्याला मत नसावे. शेजारी उभ्या असलेल्या एका माजी सदस्याला मात्र कळले. त्याने आजींचा हात धरला, “चला काकू, मी सोडतो,” म्हणत स्कूटरवर बसवले आणि पलीकडच्या शाळेकडे गाडी वळवली. तो स्वत: उभा नव्हता.

दुसरी वाट होती का

शाहूपुरीचे विलीनीकरण हीच एकमेव वाट होती असे नाही. याच जिल्ह्यात कराडला खेटून असलेल्या मलकापूरने २००८ मध्ये स्वतंत्र नगरपंचायतीची वाट धरली, पुढे तिची नगरपरिषद झाली, आणि चोवीस तास पाणी देणारे गाव म्हणून तिचे नाव राज्यात झाले. तिथेही ग्रामपंचायतीचे वॉर्ड संपलेच, परंतु त्यांच्या जागी आलेले प्रभाग मलकापूरचेच होते, कराडचे नव्हते. उलट टोकाला सांगली, मिरज आणि कुपवाड. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी तीन गावांची एक महानगरपालिका झाली आणि कुपवाडची कैफियत तेव्हापासून ऐकू येते, ती अशी की निर्णय सांगलीत होतात. शाहूपुरी या दोन टोकांमध्ये कोठे बसेल हे सांगायला एका सभागृहाचा काळ जावा लागेल. तिचा पिंड शहराचाच होता, तिचे पोट शहरावर होते, आणि शहरात जावे अशी मागणी तिथल्याच अनेकांनी केली होती, हे नोंदवले पाहिजे. मलकापूरसारखे महामार्गावरचे स्वतंत्र बस्तान तिला नव्हते. म्हणून विलीनीकरणाचा निर्णय चुकला असे मी म्हणणार नाही. चुकली ती त्याची वेळापत्रकाशी घातलेली, किंवा न घातलेली, सांगड.

व्हॉल्व्हवरचे ते झाकण अजून जागेवर आहे. पाणी सोडायला आता दुसरा माणूस येतो, आणि पावसाळ्यानंतर त्याने ‘वॉ. ४’ पुन्हा पांढऱ्या रंगाने गिरवून काढले आहे.